न पडलेला दुधाचा दात

"दोनच उरलेत. तेवढेही सरकारला दाखवायचे म्हणे. उद्या येऊन म्हणतील, पोटात काय आहे तेही दाखवा."

चारूमासीने हे शेफालीच्या कानाशी तोंड नेऊन म्हटलं. कुजबुजल्यासारखं, पण रांगेतल्या पुढच्या चार बायकांना नीट ऐकू जाईल अशा बेताने. पंचाहत्तरीची मासी कुरकुर करायची ती अशीच, एकीला सांगून पाचजणींना ऐकवायची. बायका खुदखुदल्या. शेफाली हसली नाही. सकाळपासून तिने ओठ घट्ट मिटून घेतले होते.

मधुपूर वसाहतीच्या शाळेसमोर, करंजाच्या झाडाखाली 'दातवाली गाडी' उभी होती. गाडीचं सरकारी नाव लांबलचक होतं, ते ड्रायव्हरलाही पाठ नव्हतं. मधुपूर म्हणजे गडचिरोलीच्या सागवानी जंगलाला टेकलेलं बंगाली गाव. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांना सरकारने शंभर वर्षांपूर्वी नाही, पण ऐंशीएक वर्षांपूर्वी इथे जमीन देऊन वसवलं. तेव्हापासून हे लोक घरात बंगाली बोलतात, बाजारात मराठी, आणि भांडण जमलं की दोन्ही.

कागदांचे दिवस संपले होते. कुणीही फोनला सांगावं, 'आजोबांचा जन्मदाखला काढून दे', आणि फोनने तो शाईच्या डागासकट, तहसीलदाराच्या सहीसकट, कसरीने खाल्लेल्या कोपऱ्यासकट हातात ठेवावा. खऱ्याखोट्याचा रंग एकच झाला. न्यायालयं वैतागली. शेवटी संसदेने कागद बाजूला सारले आणि माणसाला म्हटलं, तोंड उघड.

कारण दात विसरत नाहीत. आपलं हाड आयुष्यभर हळूहळू मोडून नव्याने घडत राहतं, कातडी तर दर महिन्याला नवी. पण दातावरचं कवच लहानपणी एकदाच घडतं, थरावर थर चढून, आणि मग त्याला कुणी हात लावत नाही. ते घडत असताना मूल जे पाणी पितं, त्यातला स्ट्रॉन्शियम नावाचा धातू कॅल्शियमच्या जागी गुपचूप जाऊन बसतो. हा धातू येतो खडकातून. जुन्या खडकातल्या स्ट्रॉन्शियमचं वजन वेगळं, नदीच्या ताज्या गाळातल्याचं वेगळं. गडचिरोलीचा खडक तर अब्जावधी वर्षांचा म्हातारा. त्यामुळे इथल्या पाण्यावर वाढलेला दात कुठेही नेऊन तपासा, तो गडचिरोलीच म्हणतो. देशभरातल्या विहिरी, नद्या, हापशा मोजून एक नकाशा तयार झाला होता. पेनाएवढ्या लेसरने दाताला टोचल्यासारखं करायचं, दिसणार नाही एवढी वाफ निघायची, आणि पडद्यावर माणसाचं बाळपण उमटायचं.

मधुपूरला या बातमीचं आधी हसूच आलं. इथल्या दातांची कीर्ती जिल्हाभर होती. हापशीच्या पाण्यात फ्लोराइड फार, म्हणून तीन पिढ्यांच्या दातांवर तपकिरी पट्टे. मुलगी बघायला आलेले पाहुणे नाव विचारायच्या आधी 'जरा हसून दाखव' म्हणायचे. पोरी हसताना तोंडाला ओढणी लावायला शिकायच्या, चालायला शिकल्यासारख्या. आणि आता तेच डाग म्हणजे सगळ्यात पक्का दाखला! ज्या दोघीतिघींनी लग्नाआधी चंद्रपूरला जाऊन दात घासून पांढरे करून घेतले होते, त्या रडल्या. बाकीचं गाव रांगेत उभं राहून एकमेकांना दात दाखवत होतं.

फक्त शेफालीचे समोरचे दात मुळातच पांढरे होते.

मागच्या दाढा सगळ्यांसारख्याच, पण समोरचे शंखासारखे. समोरच्या दातांचं कवच चार वर्षांच्या आत घडून जातं आणि मागच्या दाढांचं त्यानंतर, हे गावाला आता आता कळलं होतं. पण गाव त्याआधीही आंधळं नव्हतं. 'नशीबवान', 'लहानपणी बकरीचं दूध प्यायली असेल', 'आजोबांवर गेली' अशी कारणं लोकांनी तिला इतकी वर्षं वाहिली होती. शेफालीने ती घेतली होती. तिला स्वतःला एवढंच आठवायचं: पाण्यावर पसरलेली जांभळी फुलं, आणि कुणाच्या तरी खांद्याचा मोहरीच्या तेलाचा वास. मधुपुरात तशी फुलं नव्हती. हे ती कुणाशी बोलली नव्हती.

पुढे दोनच बायका उरल्या तेव्हा मासीने एकदम कपाळ धरलं.

"गरगरून राहिलं मला. घरी चल."

"आता तर नंबर आला, मासी."

"मी मेल्यावर आला तरी चालेल नंबर. चल म्हणते ना."

गाडीच्या दारातून तंत्रज्ञ मुलगी वाकली. वैशाली मडावी, एटापल्लीकडची. "मावशी, उद्या या सावकाश. उद्या आहोत आम्ही."

घरी पोचताच मासीची चक्कर बरी झाली. ती रोहू मासा चिरायला बसली.

घरात आता दोघीच. शेफाली जिला मा म्हणायची ती कनकलता चार वर्षांमागे गेली. चारू ही कनकलताची धाकटी बहीण. लग्न केलं नाही, बहिणीच्या संसारातच राहिली, आणि आता भाचीच्या. शेफालीचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगी झुमुर चंद्रपूरला नर्सिंग शिकून परवाच तालुक्याच्या दवाखान्यात निवडली गेली होती. रुजू होण्याआधी तिला आईचा दंतदाखला हवा होता.

"ममा, झालं का?" तिने दुपारी फोनवर विचारलं.

"मासीला चक्कर आली."

"मग तू एकटी जायचं ना!" मग जरा थांबून, आवाज उतरवून, "ममा, तुझं 'अनिर्णित' आलं तर माझंही तेच येतं. मी तुला घाबरवत नाही. पण माहीत असू दे."

शेफालीला माहीत होतं. 'अनिर्णित' हा शब्द ऐकायला किती सौम्य! ज्याच्यावर तो लागायचा त्याची जमीन, मत, नोकरी सगळं गोठायचं. आणि त्याला राज्याबाहेरच्या वसतिगृहात जाऊन निर्णयाची वाट बघत बसावं लागायचं. निर्णय कुणाचा लवकर लागल्याचं ऐकिवात नव्हतं.

संध्याकाळी निताई मंडल आले. वसाहतीच्या सोसायटीचे हे जुने सचिव. कायद्याची प्रत्येक दुरुस्ती त्यांना नातवंडांच्या नावांसारखी पाठ. नातवंडांच्या नावांत मात्र चुकायचे. शेफालीचं शाळेत नाव घातलं तेव्हा जन्मतारीख त्यांनीच सुचवली होती: एक जून. हेडमास्तर अख्ख्या गावालाच एक जूनला जन्माला घालायचे, त्यामुळे कुणी दोनदा बघितलं नाही. फक्त वर्षाला मात्र निताईबाबूंनी बोट लावलं होतं: सत्त्याऐंशीच लिहा.

"आधी दार उघडंच होतं," ते ओट्यावर बसून चहा फुंकत म्हणाले. त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं. "एकोणीसशे पन्नासच्या सव्वीस जानेवारीपासून जो या मातीत जन्मला तो इथला. बाप कोण, आई कुठली, विचारणंच नाही. चारूला आज कोणी हात लावू शकेल? इथे आल्यावर जन्मलेली ती पहिली पोरगी. मग सत्त्याऐंशीचा एक जुलै आला. म्हणे, आईबापांतलं एक तरी इथलं हवं. मग दोन हजार चारच्या डिसेंबरात म्हणाले, एक असून भागत नाही, दुसरंही चोरवाटेने आलेलं नको."

"म्हणजे आमची झुमुर," शेफाली म्हणाली.

"मी कुणाचं नाव घेतलं का?" निताईबाबू घाईने म्हणाले. "मी इतिहास सांगून राहिलो."

"आणि बाहेर जन्मलेल्यांचं, काका?"

आत मासीची कढईतली पळी चालू होती.

"त्याचीपण गंमत आहे," निताईबाबू कपात बघत म्हणाले. "बाहेर जन्मलेल्या लेकराला बापाकडून मिळायचं. बाप इथला तर लेकरू इथलं. आई इथली असली तर काही नाही. नऊ महिने वाहिलं त्याचा हिशेबच नाही. ब्याण्णवच्या डिसेंबरात कुठे कायद्याला आई दिसली, तीही पुढच्यांसाठी. आधीचे राहिले तसेच. आता या नव्या कायद्यात ते दुरुस्त केलं. ब्याण्णवच्या आधी बाहेर जन्मलेल्यांनाही आईकडून मिळतं. फक्त तिने स्वतः यायचं, स्वतःच्या तोंडाने सांगायचं. मग यंत्र जुळवून बघतं."

"यंत्रालाच विचारावं ना सरळ. रक्त घ्यावं सगळ्यांचं."

"तसं करता येत नाही. नियमच आहे. यंत्राने आपणहून कुणाचं नातं शोधायचं नाही. पहिल्या वर्षी शोधलं होतं त्यांनी, तर किती घरांत आगी लागल्या! तेव्हापासून आधी माणसाने बोलायचं, मग यंत्राने."

आत पळी थांबली होती.

"चहा संपला असेल तर उठा, निताईदा," मासीचा आवाज आला. "दिवा लावायची वेळ झाली. इथे कोर्ट नाही भरलं."

निताईबाबू उठले. जाताना त्यांनी शेफालीच्या डोक्यावर हात ठेवला, लहानपणी ठेवायचे तसा, आणि गेले.

जेवताना मासीने रोहूचं डोकं शेफालीच्या ताटात वाढलं. तिने ते आजवर स्वतः कधी खाल्लं नव्हतं. काटे लागतात म्हणायची. शेफाली उजव्या बाजूने चावत होती, कारण खाली डावीकडे तिला एक इवलासा दात होता, शेजारच्या दाढांत बसलेल्या लेकरासारखा. तो दुधाचा दात. त्याच्याखाली नवा दात तयारच झाला नव्हता, म्हणून हा पडलाच नाही. तरुणपणी शिबिरात आलेल्या डॉक्टरांनी तो उपटायचं म्हटलं, तेव्हा मासीने असा काही गोंधळ घातला होता की डॉक्टरांनी चिमटा खाली ठेवून पाणी मागितलं होतं.

"मा असती तर," शेफाली एकदम म्हणाली, "तिने सांगितलं असतं ना काहीतरी."

मासीने तिच्या ताटात आणखी रस्सा घातला. "गार होऊन राहिलं. जेव."

"मी तिची नव्हते असं वाटतं मला कधीकधी."

"वेडी आहेस का? तुझ्या तापात रात्ररात्र बसायची ती. तुझ्या लग्नात तीन दिवस जेवली नाही." मासी ताट उचलून मोरीकडे गेली आणि तिथून, पाठमोरीच, "कनकदिदी तुझी मा होती. त्यात कधी फरक करू नको," म्हणाली.

सकाळी बुलूबौदी आली. बौदी म्हणजे वहिनी. बुलू साऱ्या गावाचीच वहिनी होती. सोबत आणखी दोघी, आणि हातात झाकलेला टोप.

"बस," बुलूबौदी म्हणाली. "तोंड उघड."

टोपात ऐनाची साल, हिरडा आणि काथ उकळून केलेला घट्ट तपकिरी काढा होता.

"हे काय?"

"काही नाही गं. तुझे दात जरा जास्तच चमकतात. गाडीतल्या त्या दिव्यात पोरीच्या डोळ्यांना त्रास होईल."

"बौदी, ती आत बघते. वरून नाही."

"आत बघो की बाहेर बघो, आधी वरून तर बघेल ना? पहिलं बघणं चांगलं झालं पाहिजे. लग्नात नाही का?"

शेफाली बसली. तिघींनी मिळून कापसाच्या बोळ्याने तिचे दात रंगवले. एकीने दिवा धरला, दुसरीने ओठ, आणि बुलूबौदीने जीभ बाहेर काढून, रांगोळीची कडा काढावी तसं काम केलं. मधे वाळण्यासाठी थांबावं लागलं. तेवढ्यात तिघींनी आपापले दात विचकून रंग जुळतो का ते पाहिलं. कुणाचा गडद, कुणाचा फिका, यावर वादही झाला. शेवटी आरसा समोर धरला.

शेफालीने आरशात पाहिलं आणि दोन दिवसांत पहिल्यांदा हसली. तपकिरी, पट्ट्यापट्ट्यांचं, अस्सल मधुपुरी हसू.

"आत्ता कशी," बुलूबौदी टाळी वाजवून म्हणाली, "आमच्यातली दिसतेस!"

आणि लगेच तिने जीभ चावली. बाकीच्या दोघी टोपाकडे बघायला लागल्या. छप्पन्न वर्षांची बाई आरसा हातात धरून बसली होती, आणि खोलीतल्या प्रत्येकीला आपण काय बोललो नाही ते ऐकू आलं होतं.

"डाग लावून माणूस इथलं होत असतं..." स्वयंपाकघराच्या दारात मासी म्हणाली, आणि पुढचं गिळून टाकलं. "चपला घाल. मीपण येते."

गाडीत औषधाचा वास होता आणि खुर्ची न्हाव्याच्या दुकानातल्यासारखी. वैशालीने शेफालीच्या तोंडात दिवा धरला, कापसाचा बोळा ओला करून समोरच्या दातावरून एकदाच फिरवला. बोळा तपकिरी झाला, दात पांढरा.

"पान खाता, ताई?"

"नाही."

वैशाली हसली नाही. तिने स्वतःचा ओठ वर करून दाखवला. तिचेही दात पट्ट्यांचे होते. "एटापल्लीचं पाणीपण असंच. कॉलेजात मला 'गंजलेली' म्हणायचे. मीपण पहिल्या वर्षी टूथपेस्टचा कसलाकसला लेप लावायची. पांढरा." मग ती हळूच म्हणाली, "माणसं घाबरली की दात रंगवतात. दोन्हीकडून."

दारात, पायऱ्यांवर, मासी उभी होती. तिच्यामागे बुलूबौदी, आणि योगायोगाने तिथूनच चाललेले निताईबाबू.

लेसरने टिकटिक केली. पडद्यावर समोरच्या दाताचे थर उमटले, पातळ पट्ट्यांच्या साडीसारखे. डोंगरी पाणी तांबडं दाखवायचं आणि नदीच्या मुखाकडचं निळं. सगळ्या पट्ट्या निळ्या होत्या. मग वैशालीने मागची दाढ पाहिली. ती तांबडी.

"चार वर्षांपर्यंत तिकडच्या पाण्यावर," ती म्हणाली, "आणि मग इकडे. ताई, मला यात फेरफार करता येत नाही. येत असता तरी..."

"लिहा," शेफाली म्हणाली. "फक्त माझ्या मुलीचं कसं होईल तेवढं सांगा."

वैशाली पुन्हा वाकली होती, दिवा खाली डावीकडे नेऊन. "हा काय? दुधाचा दात? अजून?"

"पडलाच नाही."

"या वयात मी पहिल्यांदाच बघतेय." तिच्या आवाजात आनंद होता, जसा जंगलात दुर्मीळ पाखरू दिसल्यावर होतो. "ताई, बाकीचे दात जन्मानंतर घडतात. दुधाचा दात पोटात असतानाच घडायला लागतो. आणि बाळ जन्मतं ना, त्या दिवशी त्याला एवढा धक्का बसतो की कवचात एक रेघ पडते. जन्माची रेघ. तिच्या आधीचं सगळं आईचं, नंतरचं बाळाचं. बघू का?"

शेफालीने मान हलवली.

पडद्यावर नवं चित्र आलं. मधोमध एक काळी बारीक रेघ. रेघेच्या अलीकडे, जन्माआधीच्या बाजूला, तांबडं. गडद तांबडं.

वैशालीने दुसरं बटण दाबलं, तिसरं दाबलं. मग खुर्ची जवळ ओढून बसली.

"नीट ऐका. आपण दोन गोष्टी मोजतो. एक पाणी, ते त्या दिवसाचं असतं, माणूस जिथे असेल तिथलं. दुसरा हा खडकातला धातू. पोटातल्या बाळाला तो बराचसा आईच्या हाडांतून मिळतो. आईने आपल्या लहानपणापासून साठवलेला. तुमच्या जन्माच्या रेघेवर पाणी तिकडचं आहे आणि हाडं इकडची. म्हणजे तुमचा जन्म तिकडे झाला, ताई. पण तुम्हाला जन्म देणारी बाई इथली होती. इथल्याच पाण्यावर लहानाची मोठी झालेली."

इतकी वर्षं शेफालीने जांभळ्या फुलांच्या गावातली एक अनोळखी बाई मनात धरली होती. तिला चेहरा दिला नव्हता, पण जागा दिली होती.

"आणि हे बघा." वैशालीने रेघेच्या पलीकडे बोट ठेवलं. तिथे, निळं सुरू होण्याआधी, तांबड्याची एक अरुंद कड होती. केसाएवढी. "हे जन्मानंतरचं. पाणी निळं, तरी धातू तांबडा. हे दूध आहे. तिने पाजलंय तुम्हाला. थोडेच दिवस. मग थांबलं."

"थांबलं नाही," पायरीवरून आवाज आला. इतका हळू, की ती मासीची कुरकुर वाटलीच नाही. "थांबवलं."

वैशालीने दाराकडे पाहिलं, मग चटकन नजर काढून घेतली आणि कळफलक समोर ओढला. तिचा आवाज सरकारी झाला.

"आईचं नाव?"

"कनकलता हालदार," शेफाली म्हणाली. ती आयुष्यभर हेच म्हणत आली होती आणि तिला दुसरं काही म्हणायचं नव्हतं.

"हयात?"

"नाही."

"मग जुळवायचं कशाशी, ताई?"

बुलूबौदी आपल्या बांगड्या मोजल्यासारख्या फिरवत होती. निताईबाबू दाराशी टांगलेल्या लाल नळकांड्यावरच्या, आग लागल्यास काय करावे, त्या सूचना वाचण्यात गढले होते. बाहेर करंजाची एक शेंग टपावर टप्पकन पडली आणि सगळे दचकले.

"नियमाने मला काही विचारता येत नाही," वैशाली पडद्याकडे बघत म्हणाली. ती कुणाला सांगत होती हे तिने मुद्दाम कळू दिलं नाही. "मला फक्त ऐकता येतं."

मासी पायऱ्या चढून आत आली. गुडघे वाजले. "केवढाल्या उंच पायऱ्या! म्हाताऱ्या माणसांसाठी गाडी, आणि पायऱ्या उंटासाठी," ती पुटपुटली. ती शेफालीपाशी थांबली, पदराने तिच्या ओठावर राहिलेला काढ्याचा डाग पुसला, आणि म्हणाली, "ऊठ तिथून."

"मासी, तुझा नंबर नंतर..."

"ऊठ म्हणते ना."

शेफाली उठली. मासी खुर्चीत बसली, मागे रेलली, तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं.

"दोनच उरलेत," ती वैशालीला म्हणाली. "कोणता हवा तो बघ. पण त्याआधी ऐक, नाहीतर तू तोंडात ते पेन घालशील आणि माझं परत राहून जाईल."

"हो, मावशी."

"सातव्या महिन्यात मला सीमेपलीकडे मामाकडे धाडलं. तिकडे झाली. दूध येत होतं, भरपूर येत होतं, पण बाबा न्यायला आले. म्हणाले, एकटी चल. चार वर्षं कनकदिदी रोज रात्री बाबांशी भांडली. शेवटी स्वतः गेली आणि घेऊन आली. मी गुपचूप चंद्रपूरला वकिलाकडे गेले होते, कपाळाला कुंकू लावून, खोटं नाव सांगून. म्हटलं, लेकरू बाहेर जन्मलं, आई इथली आहे, तर कसं करायचं? तो म्हणाला, बापाचं नाव सांगा, कायद्याला बाप लागतो. माझ्याकडे बाप नव्हता. मीच होते फक्त. मग मी गप्प बसले. दिदी म्हणाली, माझ्या नावावर लाव, घरातच राहील, तुला रोज दिसेल. रोज दिसली." मासीने शेफालीचा हात शोधला, बघितलं मात्र नाही. "दिदीने वाढवली, ती हिची माच. त्यात काही बदलत नाही. पण कायद्याला आता आई दिसते म्हणतात, तर दिसू दे. लिही, पोरी. हिला मी जन्म दिला. मी हिची आई आहे."